कोणास काही एक न सांगता : जोडीदार बेपत्ता होण्याची पहिली रहस्यकथा लिहिताना

नवरा किंवा बायको घराबाहेर पडली आणि परत आली नाही, एवढ्या एका वाक्यावर रहस्यकथा सुरू होते. पात्रं थोडी लागतात, टोळ्या-पिस्तुलं लागत नाहीत, आणि संसार म्हणजे काय हे लिहिणाऱ्याला थोडंफार ठाऊक असतं. त्यामुळे रहस्यकथेला पहिल्यांदा हात घालणारे बरेच जण हाच विषय उचलतात. तीन-चार प्रकरणं झकास जातात. मग पोलीस नुसत्या फेऱ्या मारू लागतात, घरचे नुसते रडू लागतात आणि शेवटी कुठून तरी जुळा भाऊ काढावा लागतो.

माझ्या मते गाडी अडते ती एकाच कारणाने. लेखक गेलेल्या माणसामागे धावत सुटतो. वाचक मात्र घरात राहिलेल्या माणसाशेजारी बसलेला असतो आणि त्याच्या डोक्यात वेगळंच चाललेलं असतं : ही बाई सगळं सांगतेय का? या प्रश्नाला धरून लिहिलंत तर पुढचं बरंचसं आपोआप सुचतं. खालचा क्रम त्यासाठीच आहे.

पायरी १ : माणूस कुठे आहे ते आधी ठरवा

उत्तरं मोजकीच आहेत. माणूस मेला किंवा मारला गेला. स्वतःहून निघून गेला. कुणी तरी नेऊन अडकवला. किंवा अपघाताने, आजाराने भरकटला. यातलं एक आजच निवडा. 'लिहिता लिहिता ठरवू' म्हणणाऱ्यांची कथा कुठे तरी लंगडतेच, कारण न ठरवलेल्या शेवटाचे धागेदोरे पहिल्या प्रकरणात पेरता येत नाहीत.

मग एक वेगळी वही करा. गेलेल्या माणसाचे दिवस त्यात तारीखवार लिहा : कुठे झोपला, काय खाल्लं, पैसे कुठून आणले, कुणाला फोन करावासा वाटला आणि का केला नाही. यातलं फारसं काही कथेत येणार नाही. पण पोलिसाने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर तुमच्याकडे तयार असेल.

पायरी २ : मागे राहिलेला काय लपवतोय?

इथे एक खरी घटना बारकाईने पाहण्यासारखी आहे. ३ डिसेंबर १९२६ च्या रात्री रहस्यकथा-लेखिका अगाथा ख्रिस्ती इंग्लंडमधल्या सनिंगडेलच्या घरातून मोटार घेऊन निघाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोटार सरे परगण्यात न्यूलँड्स कॉर्नरपाशी सापडली. आत फरचा कोट होता, बाईंचा पत्ता नव्हता. शेकडो पोलीस आणि हजारो स्वयंसेवक रानं धुंडाळत राहिले, वर्तमानपत्रांचा सगळा रोख नवऱ्यावर गेला. १४ डिसेंबरला त्या यॉर्कशायरमधल्या हॅरोगेटच्या एका आलिशान हॉटेलात सुखरूप सापडल्या. हॉटेलच्या नोंदवहीत त्यांनी नाव घातलं होतं मिसेस टेरेसा नील, गाव केपटाऊन.

नॅन्सी नील ही त्यांच्या नवऱ्याची प्रेयसी. त्याने अगाथाबाईंकडे आधीच घटस्फोट मागितला होता आणि त्या शनिवार-रविवारी तो नॅन्सीबरोबर मित्राच्या घरी होता. आता नवऱ्याच्या जागी बसून पाहा. पोलीस विचारतात, 'घरात काही बिनसलं होतं का?' खरं सांगितलं तर खुनाचा संशय, खोटं सांगितलं आणि उघड झालं तर दुप्पट संशय. त्याने बायकोच्या केसालाही धक्का लावलेला नाही, तरी तो घामाघूम आहे. नव्या लेखकाने या प्रकरणातून उचलावं ते हेच. निर्दोष माणसाला खोटं बोलायला भाग पाडा. गुन्हेगार खोटं बोलतो त्यात कुणाला नवल वाटत नाही.

दुसरी गोष्ट त्या आडनावाची. नोंदवहीतला तो एक शब्द त्या लग्नाबद्दल जेवढं सांगतो तेवढं पन्नास पानांचं भांडण सांगणार नाही. असा एक तपशील तुमच्या कथेसाठी शोधा; बाकी सारं त्याच्याभोवती रचता येतं.

स्मृतिभ्रंश झाला होता असं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं. पुढे १९२८ मध्ये घटस्फोट झाला, आणि त्यांच्या निधनानंतर १९७७ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात त्या अकरा दिवसांबद्दल अवाक्षर नाही. प्रत्यक्ष आयुष्याला अशी मुभा असते, कथालेखकाला नसते. तुम्हाला उत्तर द्यावंच लागेल, आणि 'तिला काही आठवत नव्हतं' हे उत्तर आज कुणी चालवून घेणार नाही.

पायरी ३ : मिसिंगचा प्रसंग नीट लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. पोलीस ठाण्यात 'मिसिंग दाखल करणं' हा प्रसंग बहुतेक नवोदित दोन ओळींत उरकतात. वास्तविक कथेतला पहिला मोठा हादरा इथेच बसवता येतो.

आधी एक खुळ डोक्यातून काढा. 'चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाही' असा कुठलाही कायदा आपल्याकडे नाही. हे वाक्य परदेशी सिनेमातून आलंय. एखाद्या पात्राने चालढकल म्हणून ते तोंडावर फेकलं तर चालेल, पण लेखकाला खरं काय ते ठाऊक असावं. दुसरं म्हणजे, सज्ञान माणूस घरातून निघून गेला हा मुळात गुन्हाच नाही. त्यामुळे लगेच एफआयआर होत नाही. मिसिंगची नोंद होते आणि तपास एखाद्या हवालदाराकडे दिला जातो. हरवलेली व्यक्ती अठराच्या आतली असेल तर मात्र अपहरणाचा गुन्हा दाखल होतो. म्हणजे तुमच्या कथेत बायको बेपत्ता झाल्यावर पहिल्याच दिवशी 'साहेब' गाड्यांचा ताफा घेऊन येणार नाहीत. येईल तो पावसाने भिजलेला, तीन बंदोबस्त करून थकलेला हवालदार. तो प्रेमात पाडण्याजोगा लिहा, कारण पुढे बरीच पानं वाचकाला त्याच्याबरोबर काढायची आहेत.

आता टेबलावर काय होतं ते पाहा. ठाणे अंमलदार कागद पुढे ओढतो आणि वर्णन विचारू लागतो. उंची? बांधा? रंग? चेहरा गोल की उभट? नेसणीस काय होतं? पायात काय होतं? अंगावर कुठे तीळ, व्रण? दागिने? भाषा कुठली बोलते? अठरा वर्षं संसार केलेला नवरा 'नेसणीस'पाशी थांबतो. सकाळी तिने चहा दिला तेव्हा हा मोबाईल बघत होता. 'हिरवी असेल,' म्हणतो. शेजारी उभी असलेली दहावीतली मुलगी म्हणते, 'पपा, आईने ड्रेस घातला होता.' अंमलदार मान वर करत नाही, फक्त खोडून पुन्हा लिहितो.

याहून जास्त काही लिहू नका. संशय घेण्याजोगं एकही वाक्य न लिहिता तुम्ही नवऱ्याला पिंजऱ्यात उभं केलंत. शेवटी कागदावर ठरलेलं वाक्य येतं, 'राहत्या घरातून कोणास काही एक न सांगता कोठे तरी निघून गेली आहे', आणि मुलगी ते उलटं, टेबलाच्या पलीकडून वाचते.

याच वर्णनाचा पुढे उपयोग होतो. ते फोटोसह इतर ठाण्यांना जातं, बेवारस मृतदेहांशी ताडून पाहिलं जातं. घरच्यांना ओळख पटवायला शवागारात बोलावलं जाऊ शकतं, आणि तो मृतदेह दुसऱ्याच कुणाचा निघाल्यावर चेहऱ्यावर सुटकेऐवजी भलतंच काही दिसू शकतं. ते कुणाला दिसलं, हे तुम्ही ठरवा.

पायरी ४ : तपासाचं तंत्र, गरजेपुरतं

मोबाईलशिवाय आजची बेपत्ता-कथा लिहिता येत नाही. पोलीस पहिल्यांदा 'लास्ट लोकेशन' काढतात, मग सीडीआर, म्हणजे कुणाला किती वाजता फोन केला-आला आणि कुठल्या टॉवरवरून. टॉवर म्हणजे नेमकी खोली नव्हे, खेड्यात तो काही किलोमीटरचा परिसर असतो. ही ढिलाई लेखकाच्या कामाची आहे. फोन बंद करून नव्या सिमकार्डवर त्याच हँडसेटमधून बोलणारा माणूस आयएमईआय, म्हणजे हँडसेटच्या स्वतःच्या, क्रमांकावरून सापडतो, हे पोलिसांना ठाऊक असतं, हौशी पळपुट्याला नसतं. याशिवाय यूपीआयचे व्यवहार, टोलनाक्यावरची फास्टॅगची वेळ आणि दुकानांचे सीसीटीव्ही. सीसीटीव्हीचं चित्रीकरण काही दिवसांनी पुसलं जाऊन त्यावर नवं येतं. हवालदार उशिरा पोहोचला तर पुरावा गेला; त्यात कुणाचं कारस्थान असायची गरज नाही. कॉलच्या नोंदी कंपन्यांनी किती काळ जपायच्या याचीही मुदत आहे : २०२१ च्या अखेरीस ती एक वर्षावरून दोन वर्षं झाली.

कायद्याची कलमं लिहिताना साल बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाचं कलम ३०२ चं १०३ झालं. त्याआधीच्या घटनेत १०३ लिहिलंत तर चुकलात. गावातल्या तोंडात मात्र अजून 'तीनशे दोन'च आहे आणि पात्रांच्या तोंडी तेच शोभतं. नव्या कायद्यात झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे, तेव्हा पंचनाम्याच्या वेळी कुणी तरी मोबाईल धरून उभा असेल. संशयिताच्या इच्छेविरुद्ध नार्को किंवा खोटं पकडण्याची चाचणी करता येत नाही, हे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. ही पळवाट बंद आहे हे बरंच झालं. इंजेक्शन देऊन उलगडा करणारी कथा मला आळशी वाटते.

आणि 'बॉडीच नाही तर केस नाही' हेही खरं नाही. मृतदेह न सापडता परिस्थितिजन्य पुराव्यावर खुनाची शिक्षा होऊ शकते. शिवाय महाराष्ट्रातल्याच एका हुंडाबळीच्या प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, घराच्या चार भिंतींत बायकोचा खून झाला असेल तर तिथे काय घडलं याचा खुलासा करण्याची जबाबदारी घरातल्यांवर येते. गप्प बसून किंवा खोटं सांगून सुटता येत नाही. तुमचा नवरा गप्प बसणारा असेल तर त्याच्या वकिलाला हे माहीत हवं.

पायरी ५ : गाव निवडा, आणि त्या गावाला कामाला लावा

'एका शहरात' असं लिहू नका. नमुन्यादाखल सांगली घेऊ. २०१९ चा ऑगस्ट, कृष्णेला महापूर. आयर्विन पुलापाशी चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस ही धोक्याची, हे तिथल्या पोरासोरांना पाठ आणि त्या आठवड्यात पाणी त्याच्या कितीतरी वर. हळदीच्या पेढीवरचा एक दिवाणजी संध्याकाळी बायकोला सांगतो, 'वह्या माळ्यावर टाकून येतो.' तो येत नाही. पाणी ओसरल्यावर त्याची मोटरसायकल मारुती चौकातल्या गाळात सापडते. सगळे समजतात, पुरात गेला. यंत्रणा माणसं बाहेर काढण्यात गुंतलेली, सीडीआर कुणी मागवतच नाही, आणि मुदत संपल्यावर तो मिळण्याचा प्रश्नच उरत नाही.

बायकोला त्याच रात्री एक गोष्ट दिसलेली असते. कपाटातली रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी गेलेली. नवी, महिनाभराची. वह्या माळ्यावर टाकायला निघालेला माणूस महिन्याच्या गोळ्या नेत नाही. हे ती पोलिसांना सांगत नाही, सासूला सांगत नाही. का? पुरात गेला म्हटलं की गल्ली डबे पोचवते. सोडून गेला म्हटलं की तीच गल्ली दारात उभी राहून विचारते, 'असं काय झालं होतं गं?'

आता कायदा तिच्या मदतीला, किंवा मुळावर, येतो. सात वर्षं ज्याची काहीच खबर नाही तो मेला असं न्यायालय गृहीत धरू शकतं (जुन्या पुरावा कायद्याचं कलम १०८, आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १११). तो जिवंत आहे असं म्हणणाऱ्यावर ते सिद्ध करण्याचा भार येतो. तोवर विमा मिळत नाही, आणि २००४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, माणूस अमुक तारखेलाच मेला असं काही गृहीत धरता येत नाही. म्हणजे पॉलिसी जिवंत ठेवायची तर दरम्यानचे हप्ते भरत राहायचे. ही बाई सात वर्षं एका 'मेलेल्या' नवऱ्याचे हप्ते भरतेय, आणि तो मेलेला नाही हे तिला एकटीला माहीत आहे. कुंकू लावायचं की नाही? वटपौर्णिमेला गल्लीतल्या बायका ताटं घेऊन निघतात तेव्हा ही दार लोटून घेते की सगळ्यांच्या पुढे चालते? मी तिला पुढे चालवीन. २०२६ चा ऑगस्ट जवळ येतो, वकील दाव्याचे कागद तयार करतो, आणि मिरजेच्या एका औषधाच्या दुकानातला पोरगा तिला सहज विचारतो, 'काकू, काकांची गोळी बदलली का?'

पूर बाजूला काढला तर ही कथा उभीच राहत नाही. तुमच्या गावात असं काय आहे ते शोधा : ऊसतोडीची टोळी, कोकणातून मुंबईला ये-जा करणारा चाकरमानी, आखातातली नोकरी, घाटातला रेंज नसलेला पट्टा. गोव्यात कथा घडवणार असाल तर उच्च न्यायालयाचं खंडपीठ पर्वरीत आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला मात्र 'बायकोला कुणी तरी डांबलंय' म्हणून हेबियस कॉर्पस (डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा, असा अर्ज) करायला ऑगस्ट २०२५ पासून मुंबई गाठावी लागत नाही, कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे.

पायरी ६ : घरचे आणि शेजारचे

सासू, जाऊ, मेहुणा, सोसायटीचा वॉचमन, दूधवाला. प्रत्येकाला एक तर्क द्या आणि तो तर्क त्याच्याबद्दल काही तरी सांगणारा ठेवा. पैशाची ओढ असलेला मेहुणा पहिल्यांदा 'दागिने आहेत का बघा' म्हणेल. कुणी तरी देवऋषीकडे किंवा ज्योतिषाकडे जाईलच. त्याला हसू नका. अगाथाबाई हरवल्या तेव्हा शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉईल यांनीसुद्धा बाईंचा हातमोजा मृतात्म्यांशी बोलतो म्हणणाऱ्या एका माध्यमाकडे नेऊन दिला होता. तर्काने चालणारा हेर निर्माण करणारा माणूस! अशा प्रसंगात विनोद आपोआप येतो, तुम्ही फक्त मध्ये पडू नका.

पात्रं सहा-सातच ठेवा.

पायरी ७ : धागे पेरणं

धागा पहिल्यांदा दाखवताना त्याला दुसरं एखादं निरुपद्रवी काम द्या. गोळ्यांची पट्टी पहिल्या प्रकरणात यावी ती बायको 'घेतली का?' म्हणून ओरडते तेव्हा. वाचकाला वाटतं, घर उभं करतायत. मध्ये एकदा ती पुसट यावी आणि मग शेवटाकडे. ज्या धाग्यावर उलगडा बेतला आहे तो शेवटच्या चतुर्थांशात पहिल्यांदा आणलात तर वाचक तुम्हाला माफ करणार नाही, आणि करूही नये.

उघड्यावर ठेवलेला धागा सगळ्यात चांगला. अगाथाबाईंनी जाताना दिराला पत्र धाडलं होतं, यॉर्कशायरमधल्या आरोग्यस्थानी जातेय म्हणून. ते मनावर घेतलं असतं तर एवढी धावाधाव वाचली असती. तुमच्या कथेतही कुणी तरी खरं सांगितलेलं असू द्या, फक्त ज्याचं कुणी ऐकत नाही अशा माणसाने : लहान मूल, विसराळू आजोबा, कामवाल्या मावशी.

पायरी ८ : उलगडा

माणूस जिवंत सापडला तर गोष्ट संपली असं समजू नका. सज्ञान व्यक्तीने 'मला घरी जायचं नाही' असा जबाब दिला की पोलीस तिला जबरदस्तीने परत पाठवू शकत नाहीत. ते जबाब नोंदवतात, मिसिंगचा तपास बंद होतो. महिनाभर जिच्यासाठी नवरा वणवण फिरला ती शेजारच्या खोलीत बसून सही करतेय आणि त्याला हवालदार सांगतोय, 'त्या ठीक आहेत, पण भेटायचं नाही म्हणतायत.' याच्यापुढे खुनाचा उलगडासुद्धा फिका पडेल.

टाळायचं ते : जुळी भावंडं, स्वप्न, स्मृतिभ्रंश, आणि गुन्हेगाराने पाच पानं भाषण करून दिलेली कबुली. कबुली हवीच असेल तर लक्षात ठेवा, पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही. आरोपीने सांगितलेल्या जागेवरून वस्तू निघाली तर तेवढा भाग मात्र चालतो. म्हणजे भाषणापेक्षा पंचांसमोर विहिरीकडे चालत जाणारा माणूस दाखवा.

पायरी ९ : खर्डा झाल्यावर

पहिल्या वाचनात फक्त तारखा आणि वार तपासा. पहिल्या पायरीतली वही शेजारी उघडी ठेवा : ज्या दिवशी तो कोल्हापुरात आहे त्या दिवशी त्याचा फोन मिरजेच्या टॉवरवर वाजत नाही ना? दुसऱ्या वाचनात मागे राहिलेल्या माणसाचं प्रत्येक वाक्य वेगळ्या रंगाने खूण करा; खरं हिरवं, खोटं लाल, अर्धवट पिवळं. पहिल्या निम्म्यात पिवळं कमी दिसलं तर तिथेच पुन्हा लिहा. मग एखादा निवृत्त हवालदार किंवा फौजदारी वकील गाठून पोलीस ठाण्याची पानं तेवढी वाचायला द्या. बहुतेक जण आनंदाने वाचतात आणि चहा होईपर्यंत दोन खरे किस्सेही सांगतात. ते किस्से जसेच्या तसे कथेत घालू नका. ती माणसं खरी असतात आणि त्यांच्या घरचेही वाचतात.